जंबुपार किरणांची कसोटी

काचीगुड्याचे रेल्वेस्थानक १९१६ साली, निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या कारकिर्दीत उभे राहिले. त्याचे पांढरे घुमट आणि मिनार मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या चांगले परिचयाचे होते. मनमाडहून निघालेली मीटरगेजची गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गावे घेत येथे येऊन थांबे. आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा कोर्टकचेरीच्या कामासाठी राजधानीत येणाऱ्या कित्येक मराठी माणसांना हैदराबादचे पहिले दर्शन ह्याच फलाटावर घडे. वैशाखातील दुपारी तेथे उतरणारा प्रवासी प्रथम डोक्यावरचे उपरणे सावरी आणि मगच टांगा शोधू लागे. दख्खनच्या पठारावरील ऊन कसे असते, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे.

तथापि, जे ऊन दिसते आणि चटका देते, तेवढेच ऊन नव्हे. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारा असाही एक भाग असतो, की ज्याचा चटका त्या क्षणी जाणवत नाही. पण सजीवांच्या पेशीत शिरून तो त्यांच्या आनुवंशिक द्रव्यातच फेरबदल करतो. ह्या अदृश्य किरणांना मराठीत जंबुपार किरण असे नाव पडले. अलीकडे अतिनील हा शब्द अधिक रूढ झाला आहे. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, सुमारे ४०० नॅनोमीटरांहून कमी तरंगलांबीचे ते किरण होत. ह्या किरणांच्या अभ्यासातील एक चित्तवेधक प्रकरण काचीगुड्यापासून दहाबारा किलोमीटरांच्या परिसरातच घडून आले.

२० एप्रिल २००५ रोजी हैदराबादच्या ईशान्येकडील राष्ट्रीय बलून केंद्रातून एक प्रचंड फुगा आकाशात सोडण्यात आला. त्याचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट होते. त्याच्याखाली ४५९ किलोग्रॅम वजनाची यंत्रसामग्री टांगलेली होती. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेऊन ती सामग्री हवाई छत्रीच्या साह्याने सुखरूप खाली उतरली. ते नमुने प्रयोगशाळेत तपासले असता त्यांत जिवंत सूक्ष्मजीव आढळले. ज्या उंचीवर हवा अतिविरळ, थंडी जीवघेणी आणि सूर्याचे जंबुपार किरण जवळजवळ अनिर्बंध, तेथे हे जीव जगले कसे? आणि ते तेथे आले कोठून? ह्या प्रश्नांचे मर्म समजण्यासाठी हे किरण जीवद्रव्याचे नेमके काय करतात, हे आधी पाहिले पाहिजे. ते समजून घेण्यास शास्त्रज्ञांना जवळजवळ एक शतक लागले.

ह्या शोधाचा प्रारंभ १८७७ साली इंग्लंडात झाला. आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट ह्या दोघांनी जंतूंची वाढ होईल असे द्रावण नळ्यांत भरले. काही नळ्या त्यांनी उन्हात ठेवल्या, काही झाकून ठेवल्या. झाकलेल्या नळ्यांतील द्रावण थोड्याच दिवसांत गढूळ झाले. उन्हातील मात्र स्वच्छ राहिले. सूर्यप्रकाश जंतूंचा नाश करतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले. अंथरूण-पांघरूण उन्हात घालण्याची आपल्या घरांतील वहिवाट ह्याहून किती तरी जुनी. परंतु तिच्या पाठीमागचे एक कारण ह्या प्रयोगाने उजेडात आले. पुढे डेन्मार्कमधील नील्स फिन्सेन ह्यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार केला आणि त्याबद्दल त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाश जंतूंना मारतो, हे कळले. पण कशावर घाव घालून मारतो, हे कळले नव्हते. १९३०च्या सुमारास अमेरिकेतील फ्रेडरिक गेट्स ह्यांनी ह्या प्रश्नाला हात घातला. निरनिराळ्या तरंगलांबीचे किरण वेगळे काढून त्यांतील कोणते किरण जंतूंना सर्वांत लवकर मारतात, हे त्यांनी मोजले. सुमारे २६० ते २६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सर्वांत मारक ठरले. पेशीतील न्यूक्लिइक अम्ले, म्हणजे डीएनए आणि आरएनए, नेमके ह्याच लांबीचे किरण सर्वाधिक शोषून घेतात. प्रथिनांची निवड थोडी वेगळी, २८० नॅनोमीटरांच्या आसपासची असते. ह्याचा अर्थ उघड होता. किरणांचा घाव न्यूक्लिइक अम्लांवर पडतो. परंतु आनुवंशिकतेचे गुणधर्म प्रथिनांत साठवलेले असतात, अशी त्या काळच्या बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत होती. त्यामुळे ह्या पुराव्याला मिळावे तितके महत्त्व मिळाले नाही. १९४२ साली स्टॅडलर आणि ऊबर ह्यांना मक्याच्या परागांवरील प्रयोगांतही तेच आढळले. आनुवंशिक बदल घडवून आणण्यात तेच किरण सर्वांत प्रभावी होते. १९४४ साली एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य आहे असे दाखवले, तेव्हा ह्या जुन्या साक्षीचे मोल ध्यानात आले. साक्षीदार खरे बोलत होता. न्यायासनाची मात्र ऐकण्याची तयारी नव्हती. असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडते.

डीएनएवर किरण पडतात तेव्हा घडते काय? डीएनएची रचना पीळ घातलेल्या शिडीसारखी असते. तिची प्रत्येक पायरी दोन क्षारकांच्या जोडीने बनते. ॲडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन, असा हा नियम आहे. ह्या चार अक्षरांच्या क्रमात सजीवाचा सारा मजकूर लिहिलेला असतो. शिडीच्या एकाच बाजूवर दोन थायमीन लागोपाठ आले आणि त्यांच्यावर जंबुपार किरण पडला, म्हणजे त्या दोहोंतील कार्बन अणूंमधील दुहेरी बंध सुटतात आणि शेजारच्या थायमीनशी नवे बंध जुळतात. दोन्हीकडचे दोन-दोन कार्बन अणू मिळून चौकोनी कडे तयार होते. एरवी समोरच्या जोडीदाराशी संबंध ठेवणारे हे दोन शेजारी आता एकमेकांनाच घट्ट धरून बसतात. ह्या जोडीस द्विवारिक म्हणतात. थायमीनच्या शेजारी सायटोसीन असले, तरी असाच प्रकार घडू शकतो. ह्याखेरीज दोन क्षारक वेगळ्या ठिकाणी जोडले जाऊन निर्माण होणारा आणखी एक विकृत प्रकारही आहे.

एके काळी छापखान्यात खिळे जुळवून मजकूर तयार करीत. त्यांतील दोन खिळे वितळून एकमेकांस चिकटले, तर जुळाऱ्याचा हात तेथेच अडे. त्याने अंदाजाने पुढे जावे, तर शब्द चुके. पेशीचेही तसेच होते. विभाजनापूर्वी डीएनएची नक्कल करणारे विकर ह्या जोडीपाशी अडखळते. नक्कल थांबली, तर पेशी मरते; चुकीचे अक्षर घालून पुढे सरकली, तर मूळ मजकुरात कायमची चूक शिरते. अशा चुकीला उत्परिवर्तन म्हणतात. सायटोसीनच्या जागी थायमीन येणे ही ह्या किरणांची ओळखीची खूण आहे. विशेषतः लागोपाठच्या दोन सायटोसीनांच्या जागी दोन थायमीन आलेले दिसले, तर तेथे जंबुपार किरणांचा हात होता, असे अनुमान करता येते. त्वचेच्या कित्येक कर्करोगांत शास्त्रज्ञांना ही खूण सापडली आहे.

आरएनएमध्ये थायमीनऐवजी युरॅसिल असते. तेथेही शेजारच्या क्षारकांची द्विवारिके बनतात. शिवाय किरणांमुळे उत्तेजित झालेल्या युरॅसिलला पाण्याचा रेणू चिकटून त्याचे रूप बदलते. रॉबर्ट सिन्शायमर आणि हेस्टिंग्ज ह्यांनी १९४९ साली हा बदल नोंदवला आणि तो उलटवता येतो, हेही दाखवले. डीएनए हा दप्तरातील मूळ दस्तऐवज, तर आरएनए ही कामापुरती काढलेली नक्कल होय. नक्कल फाटली तर दुसरी काढता येते. मूळ दस्तऐवज फाटला तर मोठी हानी होते. परंतु काही विषाणूंजवळ आरएनए हाच मूळ दस्तऐवज असतो. त्यांच्या बाबतीत हा फेरबदल प्राणघातक ठरतो.

द्विवारिकाचा शोध लागला तो बर्फाच्या साह्याने, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. थायमीनच्या पाण्यातील द्रावणावर जंबुपार किरण सोडले, तर फारसे काही घडत नसे. नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथे बॉइकर्स आणि बेरेन्ड्स ह्यांनी १९६० साली ते द्रावण गोठवून किरणांखाली ठेवले आणि थायमीनमध्ये भराभर बदल झाला. द्रवात रेणू मोकाट हिंडतात. बर्फात ते एकमेकांच्या शेजारी खिळून राहतात. शेजार जमला, म्हणून बंध जुळला. डीएनएच्या शिडीत थायमीन असेच शेजारी शेजारी बसवलेले असतात. म्हणून तेथेही तो बदल घडतो.

सूर्य जर रोज अशी मोडतोड करीत असेल, तर पृथ्वीवर जीवसृष्टी टिकली कशी? त्याचे उत्तर असे, की मोडतोडीबरोबर दुरुस्तीचीही व्यवस्था जीवसृष्टीत आहे. १९४९ साली अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे ॲल्बर्ट केल्नर ह्यांना एक कोडे पडले. जंबुपार किरणांनी घायाळ केलेले सूक्ष्मजीव कधी थोडे वाचत, तर कधी पुष्कळ. बऱ्याच शोधानंतर कळले, की ज्यांच्यावर नंतर साधा दृश्य प्रकाश पडला, तेच वाचले होते. म्हणजे एका प्रकाशाने केलेली जखम दुसऱ्या प्रकाशाने भरून निघत होती. हे काम करणारे एक विकर असते. ते निळसर प्रकाशाची शक्ती घेऊन द्विवारिकाचे दोन्ही बंध तोडते आणि थायमीन पूर्ववत करते. तुर्कस्तानात जन्मलेले अझीझ संजार ह्यांनी ह्या विकराचा आणि इतर दुरुस्तियंत्रणेचा उलगडा केला. २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात लिंडाल आणि मॉड्रिच ह्यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता.

मनुष्याच्या पेशीत द्विवारिक तोडणारे हे विकर नाही. तेथे दुसरा उपाय चालतो. बिघडलेला तुकडाच कापून काढायचा आणि समोरच्या शाबूत बाजूवरून वाचून रिकामी जागा भरायची. ही रीत १९६४ साली प्रथम सूक्ष्मजंतूंत आढळली. चारच वर्षांनी, १९६८ साली, जेम्स क्लीव्हर ह्यांनी झेरोडर्मा पिगमेंटोझम ह्या दुर्मिळ आनुवंशिक रोगाचे कारण शोधून काढले. हा रोग असलेल्या मुलांच्या त्वचेला थोडेसेही ऊन सोसत नाही. लहान वयातच त्यांना त्वचेचे कर्करोग होतात. त्यांच्या पेशींत कापून-जोडून दुरुस्ती करण्याची ही शक्तीच अपुरी असते. निरोगी माणूस दिवसभर उन्हात राबून संध्याकाळी घरी येतो. त्याच्या त्वचेच्या लक्षावधी पेशींत दुरुस्तीचे काम चालू आहे, ह्याची त्याला गंधवार्ताही नसते. ती व्यवस्था नसली म्हणजे काय होते, हे ह्या मुलांचे दुःख दाखवून देते.

आपल्याला आणखी एक संरक्षण लाभले आहे. वातावरणाच्या स्थितांबर नावाच्या थरातील ओझोन वायू सर्वांत घातक असे आखूड लांबीचे किरण वरच्या वर शोषून घेतो. हा वायू मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटरांच्या दरम्यान साठलेला असतो. अर्थात ४१ किलोमीटरांवर तरंगणारा जीव ह्या छत्राच्या बहुतांशी वर असतो. डीएनएवर जे किरण सर्वांत क्रूर घाव घालतात, त्यांतील कित्येक तेथे त्याला गाठतात. म्हणूनच हैदराबादच्या फुग्याने आणलेल्या नमुन्यांना एवढे महत्त्व होते.

हैदराबाद आणि फुगे ह्यांचा संबंध जुना आहे. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळचे ठिकाण हवे होते. हैदराबाद त्या दृष्टीने सोयीचे ठरले. प्रारंभी उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून फुगे सोडण्यात येत. काचीगुड्याहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग ह्याच विद्यापीठाच्या कडेने जातो. १९६९ साली शहराच्या ईशान्येस कायमचे केंद्र स्थापन झाले. उष्ण कटिबंधावर सुमारे १७ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ८० अंश सेल्सियसच्याही खाली जाते. तेथे प्लॅस्टिकचा फुगा ठिसूळ होऊन फुटण्याची भीती असते. त्या थंडीला टिकेल असा फुगा तयार करण्याचे कसब ह्या केंद्राने मिळवले.

फुग्यांचा उपयोग सूक्ष्मजीवांच्या शोधासाठी करण्यात पुढाकार होता तो डॉ. जयंत नारळीकर ह्यांचा. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर हे फ्रेड हॉयल ह्यांचे शिष्य. जीवनाची बीजे अंतराळातून, धूमकेतूंच्या धुळीबरोबर पृथ्वीवर येत असावीत, असे मत हॉयल आणि चंद्र विक्रमसिंघे ह्यांनी मांडले होते. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. परंतु मताचा निकाल हसण्याने लागत नाही. तो प्रयोगाने लावावा लागतो. २१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादहून पहिला प्रयोग झाला. त्यातील नमुन्यांत इंग्लंड-वेल्समधील प्रयोगशाळांना जिवंत पेशी आढळल्या. पण तेथे वाढलेले जीव पृथ्वीवरील परिचित जातींचे होते. नमुन्यांत ते खालूनच मिसळले असतील, अशी शंका घेण्यास जागा राहिली.

म्हणून २००५ साली अधिक काटेकोरपणे प्रयोग करण्यात आला. पोलादाच्या १६ निर्जंतुक आणि निर्वात नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून वर पाठवण्यात आल्या. द्रवरूप निऑनचे तापमान उणे २४६ अंशांच्या आसपास असते. झडप उघडताच बाहेरची विरळ हवा नळीत शिरे आणि आतील थंडीने गोठून जाई; त्यामुळे आणखी हवा ओढली जाई. नारळीकर ह्या प्रयोगाचे प्रमुख होते, यू. आर. राव आणि पुष्पमित्र भार्गव ह्यांचे मार्गदर्शन होते. फुग्याची जबाबदारी रवी मनचंदा ह्यांची, तर यंत्रसामग्रीची इस्रोच्या सी. बी. एस. दत्त ह्यांची होती. नमुन्यांची तपासणी हैदराबादमधील कोशिकीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात एस. शिवाजी ह्यांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे ह्यांनी स्वतंत्रपणे, पण सारख्याच पद्धतीने केली. हैदराबादचे ते केंद्र काचीगुड्यापासून पाच-सहा किलोमीटरांवर, हब्सीगुड्याला आहे.

तपासणीत जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. जीवाणूची जात ठरवण्यासाठी त्याच्या रायबोसोममधील आरएनएचा मजकूर ज्या जनुकात असतो, ते जनुक वाचून पाहतात. बहुतेक जीवाणू परिचित जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळले. तीन मात्र नवीन जातींचे ठरले. २००९ साली त्यांची नावे जाहीर झाली. हॉयल ह्यांच्या स्मरणार्थ ‘जॅनिबॅक्टर हॉयली’, इस्रोच्या नावाने ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ आणि आर्यभटाच्या नावाने ‘बॅसिलस आर्यभट्टाय’. हे तीन जीव २७ ते ४१ किलोमीटर उंचीवरील नमुन्यांतून मिळाले होते. त्यांच्या निकटच्या भाईबंदांपेक्षा जंबुपार किरण सोसण्याची शक्ती ह्या तिघांतही पुष्कळ अधिक होती. बातमी सर्वत्र गाजली. आकाशातून आलेले जीव, अशी चर्चा सुरू झाली.

पण शास्त्रज्ञांनी स्वतः काय म्हटले? हे जीव अंतराळातून आले हे ह्या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही. शोध पुढे चालू ठेवण्यास मात्र त्यातून उत्तेजन मिळते, एवढेच त्यांनी सांगितले. ह्या सावधपणाचे मोल पुढील काळात अधिक स्पष्ट झाले. जंबुपार किरण सोसण्याची शक्ती म्हणजे आकाशातील जन्माचा दाखला नव्हे. १९५६ साली अमेरिकेत डबाबंद मांसात सापडलेला ‘डायनोकॉकस’ हा जीवाणू किरणांचा भयंकर मारा सोसतो. तो ह्याच पृथ्वीवरचा आहे. कोरड्या जागी तगून राहण्यासाठी त्याने जी दुरुस्तीची शक्ती कमावली, तीच किरणांविरुद्धही कामास येत असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच्यावर बरेच संशोधन झाले आहे. वाऱ्यावादळाने भूमीवरून वर उचलल्या गेलेल्या असंख्य जीवांपैकी जे किरणांना पुरून उरले, तेवढेच वर जिवंत मिळाले, असेही घडू शकते. तेव्हा जंबुपार किरण ही चाळण ठरते. चाळणीतून काय उरले हे दिसते. धान्य कोणत्या शेतातले, हे तिला सांगता येत नाही.

पुढे घडले तेही बोधप्रद आहे. ‘बॅसिलस आर्यभट्टाय’सारखे जीवाणू निरनिराळ्या ठिकाणच्या मातीत आणि वनस्पतींच्या मुळांपाशी सापडू लागले, ही जात ‘मेगाटेरियम’ ह्या जुन्या जातीहून खरोखर वेगळी आहे काय, अशीही शंका घेण्यात आली. ‘इस्रोनेन्सिस’ला तर वर्गीकरणकारांनी दुसऱ्या प्रजातीत हलवले. तिचे नाव आहे ‘सॉलिबॅसिलस’, म्हणजे मातीतला बॅसिलस. आकाशात सापडलेल्या जीवाच्या नावात अखेर माती आली!

म्हणून प्रयोग वाया गेला काय? मुळीच नाही. जमिनीपासून चाळीस किलोमीटरांवर, डीएनएच्या अक्षराअक्षरांवर घाव पडत असतानाही, जिवंत राहण्याजोगे जीव असू शकतात, हे त्याने जगासमोर मांडले. गुरूच्या मताची बाजू घेणाऱ्या शिष्याने स्वतःच त्या मताला कसोटीवर घासले आणि कसोटीने जेवढे सांगितले त्याहून अधिक काही सांगण्याचे टाळले. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. जीवन अंतराळातून आले काय, हा त्यांचा प्रश्न तेव्हाही अनिर्णित होता.

काचीगुड्याच्या फलाटावर आजही उन्हाळ्यात तोच सूर्य तळपतो. सावली शोधणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या त्वचेत क्षणोक्षणी कोठे तरी दोन थायमीन चिकटतात, आणि कोठे तरी पेशी तो बिघाड कापून काढून जागा भरून घेते. चूक होणे हे जीवनाचे लक्षण आहेच. ती वेळीच ओळखून सुधारून घेणे हेही तितकेच. हे पेशीला साधते. सत्याचा शोध घेणाऱ्या माणसाला ते साधले पाहिजे, हाच ह्या प्रकरणाचा बोध होय.